चित्रपट-गाण्यांचा डिजिटल साठा : कुठे ठेवता, कसा वाजवता?

दिगंतर
नमस्कार मंडळी. घरात सीडींचं एक कपाट आहे, डीव्हीडी आणि ब्लू-रे मिळून आणखी एक. शिवाय निरनिराळ्या वयाच्या पोर्टेबल हार्डडिस्क, ज्यांच्यात काय आहे ते जोडल्याशिवाय कळत नाही. दिवाणखान्यात रिसीव्हर (स्पीकरांना आवाज वाटून देणारा अँप्लिफायर) आणि ५.१ स्पीकर (पाच साधे, एक खर्जाचा) आहेत, टीव्ही ४के आहे. सध्या हार्डडिस्क टीव्हीच्या पाठीत खुपसायची आणि रिमोटने फोल्डरांत हिंडायचं असं चालतं. त्यात काही फायलींना चित्र आहे पण आवाज नाही. काहींना आवाज आहे, पण तो समोरच्या दोनच स्पीकरमधून येतो. मराठी सबटायटलं लावली तर नुसते चौकोन दिसतात.

मला हवंय ते एवढंच : सगळं एका जागी असावं आणि मी घरात नसतानाही कुणालाही लावता यावं. त्यासाठी नॅस (घरच्या नेटवर्कवरून सगळ्यांना उघडता येणारी डिस्कपेटी) घ्यावा का? सीडी कुठल्या फॉरमॅटमध्ये उतरवाव्यात? प्रश्न विकत घेतलेल्या डिस्कचा आहे. फुकट कुठून मिळतं ते कृपया इथे नको.

उंटावरचा
स्ट्रीमिंगच्या जमान्यात हा उपद्व्याप कशाला? वर्गणी भरा आणि पाय पसरून बसा. (काडी टाकून पळतो.)

वाचनमात्र
मलाही हेच विचारायचं होतं. वाचतेय.

खटपट्या
आवाज न येण्याचं कारण बहुधा डीटीएस, म्हणजे अनेक स्पीकरांचा आवाज साठवण्याची एक पद्धत. एमकेव्ही हा नुसता डबा असतो. आत चित्र एका कोडेकमध्ये (दाबून साठवण्याच्या पद्धतीत), आवाज दुसऱ्यात, सबटायटलं तिसऱ्यात. टीव्हीला डबा उघडता येतो, पण आतला आवाज डीटीएसमध्ये असेल आणि टीव्हीत डीटीएसचा डीकोडर नसेल तर मूकपट. काही कंपन्यांनी मधल्या काही वर्षांच्या मॉडेलांतून डीटीएस काढूनच टाकलं होतं. म्हणून जुन्या टीव्हीवर वाजणारी फाइल नव्यावर गप्प बसते.

आता दोन स्पीकरचं. टीव्हीतून रिसीव्हरकडे आवाज कशाने नेलाय? ऑप्टिकल वायर असेल तर तिच्यातून एकतर दोन चॅनलचा पीसीएम (न दाबलेला आवाज) जातो, नाहीतर डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस ५.१. टीव्हीचं सेटिंग 'पीसीएम'वर असेल तर ५.१ चं तिथल्या तिथे स्टिरिओ होतं. ते 'बिटस्ट्रीम' किंवा 'पासथ्रू' करा. एचडीएमआय आर्क (टीव्हीतून रिसीव्हरकडे आवाज उलटा नेणारी एचडीएमआयची सोय) घेतलात तरी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी हे ब्लू-रेवरचे भारी आवाज त्यातून जात नाहीत. त्याला ई-आर्क लागतो आणि तो टीव्ही व रिसीव्हर दोन्हींत असावा लागतो.

माझं विचाराल तर टीव्हीकडून पडद्यापलीकडे कसलीच अपेक्षा ठेवू नका. एक प्लेअर बॉक्स घ्या, तो थेट रिसीव्हरला जोडा आणि रिसीव्हरमधून टीव्हीला एक वायर न्या. ४के चालवायचं तर रिसीव्हर एचडीसीपी २.२ (नक्कल रोखणारं कुलूप) वाला आहे ना ते आधी बघा, नाहीतर पडदा काळा राहील आणि शिव्या मला खाव्या लागतील.

दिगंतर
ऑप्टिकलच आहे. आणि सेटिंग खरोखर पीसीएमवर होतं! बदलल्यावर मागचे स्पीकर बोलायला लागले. पण सगळ्या फायलींना नाही.

खटपट्या
बरोबर. ज्या अजून मुक्या आहेत त्या डीटीएसवाल्या. त्यांना बॉक्सच लागेल.

सरळमार्गी
नॅस-बिस काही लागत नाही. एक मोठी हार्डडिस्क घ्या, सगळं तीत भरा. तेवढीच दुसरी घ्या, महिन्यातून एकदा पहिलीवरून दुसरीवर नक्कल करा आणि दुसरी कपाटात ठेवा. पहिली बॉक्सला जोडलेली राहू द्या. घरात सर्व्हर म्हणजे आणखी एक यंत्र चोवीस तास चालू, त्याचे अपडेट, त्याचा पंखा, त्याचे पासवर्ड. ज्या घरात एकच टीव्ही आहे तिथे हे कशाला?

फक्त डिस्क फॅट३२ मध्ये फॉरमॅट करू नका. त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, आणि ब्लू-रेवरचा सिनेमा त्याच्या कैकपट असतो. एक्सफॅट बहुतेक यंत्रं वाचतात.

वायरमन
सरळमार्गी, एका टीव्हीपुरतं ठीक. पण आतल्या खोलीत कुणी फोनवर गाणी ऐकायची म्हटली तर? दोन डिस्कचा नॅस घ्या, रेड १ करा, म्हणजे दोन्ही डिस्कवर तेच लिहिलं जातं. एक डिस्क मेली तरी दुसरीवर सगळं शाबूत. बॅकअपची चिंता मिटली.

शाईची_दौत
वायरमनदादा, चिंता अजिबात मिटली नाही. रेड म्हणजे बॅकअप नव्हे.

आमच्याकडे रेड १ च होतं. धाकट्या भावाने जागा करायची म्हणून 'जुने' नावाचा फोल्डर उडवला. त्यात घरच्या व्हिडिओ कॅसेटींवरून उतरवलेलं सगळं होतं. दोन्ही डिस्कनी तो फोल्डर इमानेइतबारे, एकाच क्षणी उडवला. आरसाच तो, समोर जे होईल ते आतही होणार. वाचलं ते एवढ्यासाठी की बाबांनी त्याची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली होती. आम्ही त्यांना त्यावरून हसायचो.

रेडने डिस्क बिघडली तरी सिनेमा थांबत नाही, एवढाच त्याचा उपयोग. चुकून पुसलं, व्हायरस आला, विजेचा झटका बसला, चोरी झाली, तर रेड काही कामाचं नाही. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर, हा जुना नियमच बरा.

सरळमार्गी
म्हणजे माझी कपाटातली डिस्क जिंकली.

शाईची_दौत
जिंकली, पण ते कपाट त्याच घरात आहे ना? ती दुसरी डिस्क भावाकडे, मैत्रिणीकडे कुठेतरी नेऊन ठेवा.

वायरमन
मान्य. 'चिंता मिटली' हे शब्द मागे. नॅस मात्र मागे घेत नाही.

कानसेन
सीडीबद्दल कुणीच बोललं नाही. शक्य असेल तिथे सीडीच्या भानगडीत न पडता २४ बिट, १९२ किलोहर्ट्झच्या हाय-रेझ फायली घ्या. सीडी म्हणजे १६ बिट, ४४.१. फरक जमीन-अस्मानाचा आहे. झांजेचा नाद विरताना ऐका, सीडीत तो कापल्यासारखा संपतो.

भौतिकवाला
आला, हा मुद्दा आलाच. :-)

४४.१ किलोहर्ट्झने नमुने घेतले की २२.०५ किलोहर्ट्झपर्यंतचे सगळे स्वर पूर्ण परत मिळवता येतात. तरुण, निरोगी कान २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो. चाळिशी ओलांडलेल्यांनी १५ च्या पुढचं ऐकून दाखवावं, मी दंडवत घालेन. १६ बिटांत साधारण ९६ डेसिबलची पट्टी मिळते, आणि दिवाणखान्यातला पंखाच त्यातली तळाची बरीच पट्टी खाऊन टाकतो. ध्वनिमुद्रण करताना आणि मिक्सिंगला २४ बिट लागतात हे खरं, तिथे आवाज वरखाली करायला जागा हवी असते. ऐकताना नाही.

तुम्हाला जो फरक ऐकू येतो तो खोटा आहे असं मी म्हणत नाही. हाय-रेझ आवृत्ती पुष्कळदा वेगळ्या मास्टरवरून काढलेली असते, आवाज ठोकून सपाट केलेला नसतो. ती १६/४४.१ वर आणून, दोन्हींची पातळी सारखी करून, कुठली कोणती ते न कळता ऐकून बघा.

कानसेन
आकडे ऐकणारे आकडे ऐकोत, आम्ही गाणं ऐकतो.

उंटावरचा
मी परत आलो. जागा आहे का बसायला?

भौतिकवाला
कानसेन, दिवे घ्या. पण साठवण्याच्या बाबतीत आपलं एकमत होईल बघा : सीडी फ्लॅकमध्येच उतरवावी. सीडीचा दर सेकंदाला १,४११ किलोबिट असतो, फ्लॅकमध्ये तो साधारण अर्ध्या-पाऊणपर्यंत येतो आणि एकही बिट हरवत नाही. हवं तेव्हा मूळ जसंच्या तसं बाहेर काढता येतं. फोनसाठी एमपी३ किंवा आणखी काही हवं असेल तर फ्लॅकवरून केव्हाही करता येतं. उलटा प्रवास नाही. एक सीडी ३०० ते ४०० एमबी धरा. म्हणजे १ टीबीत अडीच हजारांच्या आसपास सीडी आरामात बसतात. जागेसाठी रडायचं कारण सिनेमा आहे, गाणी नाहीत.

कानसेन
एकमत. नोंद घ्यावी.

वाचनमात्र
माझ्याकडे कॉलेजच्या वेळच्या खूप एमपी३ आहेत. त्या फ्लॅकमध्ये बदलून ठेवल्या तर सुधारतील का?

भौतिकवाला
नाही हो ताई. फाइल फुगेल, गाणं तेच राहील. आणि पुढे फसगत होईल ती वेगळीच, कारण नाव फ्लॅक आणि आत एमपी३.

अशी फाइल ओळखायची असेल तर ऑडासिटी या ध्वनिसंपादकात उघडा आणि स्पेक्ट्रोग्राम (कुठल्या क्षणी कुठले स्वर किती ते रंगांत दाखवणारं चित्र) लावा. सीडीवरून थेट काढलेल्या गाण्यात रंग वर २०-२२ किलोहर्ट्झपर्यंत विरत गेलेले दिसतात, टाळीच्या किंवा झांजेच्या ठोक्याला उभी रेघ पार वरपर्यंत चढते. १२८ किलोबिटच्या एमपी३ त १६ किलोहर्ट्झच्या आसपास कुणी पट्टी ठेवून कापल्यासारखी आडवी कड असते आणि वर नुसता काळोख. जुन्या ध्वनिमुद्रणांत मुळातच वरचे स्वर नसतात, त्यामुळे तिथे ही परीक्षा चालत नाही.

अनाहत
फॉरमॅटवर जेवढं भांडण होतं तेवढं टॅगवर होत नाही, आणि खरी डोकेदुखी टॅगची (फाइलीत लिहिलेल्या नावानिशीच्या माहितीची) आहे. सगळी सॉफ्टवेअरं 'कलाकार – अल्बम – गाणं' या तिघांवर बेतलेली. शास्त्रीय संगीत त्यात कोंबायचं कसं? रागाचं नाव कुठे लिहायचं? तबल्यावर कोण, पेटीवर कोण? मला एका संध्याकाळी नुसते मारवा ऐकायचे असतील तर अल्बमची यादी घेऊन काय करू?

फ्लॅकमध्ये टॅगची नावं, रोमन अक्षरांत, आपल्याला हवी ती ठेवता येतात. मी 'राग', 'ताल', 'साथ' असे स्वतःचे खाने केले आहेत. पण टॅग लिहिता आले तरी प्लेअरने दाखवायला हवेत. डेस्कटॉपवरचे काही प्लेअर दाखवतात, टीव्हीवरची अ‍ॅपं बहुतेक ढुंकूनही बघत नाहीत. म्हणून शेवटी रागाचं नाव 'प्रकार' म्हणजे जानर या खान्यात टाकलं. तो खाना सगळीकडे दिसतो आणि त्यावरून यादी गाळता येते. जुगाड आहे, पण चालतो.

आणि एक : नावं देवनागरीत की रोमनमध्ये ते पहिल्याच दिवशी ठरवा. अर्धी अशी अर्धी तशी झाली की एकच गायक दोन माणसं होऊन बसतो.

मिताक्षरी
अनाहत, पेटी-तबल्याच्या खान्यांची कल्पना उचलतेय, धन्यवाद.

मला मूळ प्रश्नातल्या एका वाक्यावर लिहायचंय, 'मी घरात नसतानाही कुणालाही लावता यावं'. आतापर्यंतच्या प्रतिसादांत त्याकडे कुणाचंच लक्ष नाही. आमच्या घरी नवऱ्याने हे सगळं उभं केलंय : नॅस, सर्व्हर, बॉक्स, रिसीव्हर. अप्रतिम चालतं, तो समोर असला तर. तो बाहेर गेला की सासरे तीन रिमोट मांडीवर घेऊन बसतात आणि शेवटी वर्तमानपत्र उघडतात.

यातून वाट निघाली ती दोन गोष्टींनी. एक, सगळ्या यंत्रांत एचडीएमआय सीईसी चालू केलं. आता बॉक्सच्या रिमोटवरचं एक बटण दाबलं की टीव्ही आणि रिसीव्हर आपसूक उठतात, रिसीव्हर योग्य इनपुटवर जातो आणि आवाजही त्याच रिमोटने कमीजास्त होतो. बाकीचे रिमोट खणात टाकले. (प्रत्येक कंपनीने सीईसीला स्वतःचं वेगळंच नाव दिलेलं असतं, त्यामुळे मेन्यूत ते सापडायला वेळ लागतो.) दोन, फोल्डरांची भटकंती बंद केली. जेलीफिन हे सिनेमांचं सर्व्हर-सॉफ्टवेअर लावलं, त्यात पोस्टरं दिसतात, पोस्टरवर ओके दाबलं की सिनेमा सुरू. सासऱ्यांचं वेगळं खातं केलंय, त्यात फक्त त्यांच्या आवडीचे सिनेमे. अर्धवट सोडलेला सिनेमा दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे चालू होतो याचं त्यांना कोण कौतुक!

दिगंतर
मिताक्षरीताई, हे अगदी माझ्या घरचंच वर्णन. पोस्टरं आपोआप येतात की हाताने लावायची?

मिताक्षरी
आपोआप, पण नावं शिस्तीत हवीत. प्रत्येक सिनेमाचा वेगळा फोल्डर, त्याला सिनेमाचं नाव आणि कंसात वर्ष. वर्ष विसरलात तर त्याच नावाचा भलताच सिनेमा येऊन बसतो. आमच्या मुलीच्या 'पहिला वाढदिवस' या व्हिडिओला सर्व्हरने एका परदेशी भयपटाचं पोस्टर चिकटवलं होतं, कथासारांशासकट. घरचे व्हिडिओ वेगळ्या लायब्ररीत ठेवा. जेलीफिनमध्ये तसा प्रकार निवडता येतो, मग ते इंटरनेटवर माहिती शोधत बसत नाही.

उंटावरचा
वाढदिवसाला मुलं किती होती यावर अवलंबून आहे. सर्व्हर कदाचित बरोबर असेल.

रात्रपाळी
थोडं अवांतर. घर झोपल्यावर सिनेमा बघतो. माणसं कुजबुजतात ते ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवायचा, तेवढ्यात गाडी उडते आणि सगळं घर उठतं. रिमोट हातातून खाली ठेवता येत नाही. काही इलाज?

खटपट्या
अवांतर कसलं, अर्ध्या जगाची तक्रार आहे ही. सिनेमाचं मिक्सिंग मोठ्या थिएटरच्या हिशोबाने केलेलं असतं, हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर प्रचंड. रिसीव्हरमध्ये डायनॅमिक रेंज कॉम्प्रेशन किंवा 'नाइट मोड' असतो, तो लावा. ५.१ मध्ये संवाद जवळजवळ सगळे मधल्या स्पीकरमधून येतात, म्हणून मधल्या चॅनलची पातळी दोन-तीन डेसिबलने वाढवा.

तो मधला स्पीकर ठेवलाय कुठे, तेही पाहा. टीव्हीखालच्या कप्प्यात आत सरकवलेला असेल तर आवाज आधी कप्प्याच्या फळीवर आपटतो, मग तुमच्याकडे येतो आणि शब्द गिचमिड होतात. त्याला कप्प्याच्या अगदी कडेला ओढा आणि खाली रबराची चकती घालून तोंड किंचित वर, कानांच्या दिशेला करा. फुकटातला इलाज आहे. आधी हा करा, मग सेटिंगं.

रात्रपाळी
मला मधला स्पीकरच नाही. दोनच आहेत.

खटपट्या
मग प्लेअरला आणि रिसीव्हरला तसं स्पष्ट सांगा. रिसीव्हरला वाटत असेल की मधला आहे, तर संवाद तो नसलेल्या स्पीकरला पाठवत राहील. स्पीकर सेटिंगमध्ये 'सेंटर : नाही' केलं की संवाद दोन्ही स्पीकरांत वाटून येतात. कोडी या प्लेअर सॉफ्टवेअरमध्ये स्टिरिओत उतरवताना मधल्या चॅनलला वेगळी उचल देण्याची सोयही आहे.

रात्रपाळी
'सेंटर : आहे' असंच होतं. आज रात्री बघतो. शेजाऱ्यांतर्फेही आभार.

शाईची_दौत
दिगंतर, चौकोनांचं राहिलंच. दोन वेगळी दुखणी आहेत. प्रश्नचिन्हं किंवा विचित्र रोमन अक्षरं दिसली तर फाइलचं एन्कोडिंग चुकलंय; एसआरटी (सबटायटलांची) फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून यूटीएफ-८ मध्ये जतन करा. चौकोन दिसले तर एन्कोडिंग बहुधा ठीक आहे, प्लेअरकडे देवनागरी फाँट नाही. टीव्हीच्या आतल्या प्लेअरमध्ये फाँट घालता येत नाही, तिथे हात टेकायचे.

एक तिसरंही आहे. अक्षरं दिसतात पण 'किती' लिहिलंय तिथे क, मग वेलांटी, मग ती असं दिसतं आणि जोडाक्षरांचे पाय मोडून हलन्तं उघडी पडतात. म्हणजे फाँट आहे पण अक्षरं जुळवणारी यंत्रणा नाही. कोडीच्या अलीकडच्या आवृत्त्यांत सबटायटलांना देवनागरी फाँट निवडला की हे नीट होतं.

ब्लू-रेवरची मूळ सबटायटलं मात्र अक्षरं नसून चित्रं असतात. त्यांना फाँटची गरज नाही, पण प्लेअर ती दाखवू शकत नसेल तर सर्व्हरला ती चित्रावर रंगवून पूर्ण सिनेमा नव्याने एन्कोड करत पाठवावा लागतो. एवढ्यासाठी बिचारा नॅस धापा टाकतो. 'सिनेमा चांगला चालतो, सबटायटल लावलं की अडकतो' या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं.

वायरमन
अडकण्याचा विषय निघालाच आहे तर नेटवर्कबद्दल. पुष्कळ टीव्हींचं लॅन पोर्ट अजून १०० एमबीपीएसचंच असतं. ४के ब्लू-रेचा दर मधूनमधून १०० च्या वर उसळतो, कमाल १२८ पर्यंत. वायर लावली असूनही नेमक्या धामधुमीच्या प्रसंगात चित्र थबकतं, आणि वायफायवर तोच सिनेमा सुरळीत चालतो. माणूस वायर बदलत बसतो. बॉक्स घेताना गिगाबिट पोर्ट बघून घ्या.

नॅस दिवाणखान्यात ठेवू नका. डिस्कची कुरकुर दिवसा जाणवत नाही, पण शांत प्रसंगात बरोबर ऐकू येते. राउटरपाशी, दुसऱ्या खोलीत, यूपीएसवर.

सरळमार्गी
कंपनं, पंखा, यूपीएस. मी म्हटलं नव्हतं? :-)

निमूट
कॅमेरा सावकाश फिरतो तेव्हा माझ्याकडे चित्र बारीक हिसके खातं. नेटवर्क नाही, फाइल बॉक्सलाच जोडलेल्या डिस्कवर आहे.

भौतिकवाला
सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा, बॉक्स टीव्हीला ६० ने पाठवतोय. ६० ला २४ ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून एक चौकट तीनदा, पुढची दोनदा असं चालतं. तेच हिसके. बॉक्समध्ये 'रिफ्रेश रेट जुळवा' असं सेटिंग असेल ते चालू करा. सुरुवातीला पडदा क्षणभर काळा होईल, घाबरू नका.

निमूट
गेले. धन्यवाद.

दिगंतर
बरंच काही मिळालं. दोन शंका. डीव्हीडी-ब्लू-रे उतरवण्यात कायद्याची अडचण आहे का? आणि जागा वाचवायला सिनेमे एचईव्हीसी या चित्राच्या कोडेकमध्ये लहान करून ठेवू का?

शाईची_दौत
सीडीला कुलूप नसतं. डीव्हीडीला सीएसएस, ब्लू-रेला एएसीएस. डिस्क स्वतःची असली तरी ते कुलूप तोडणं बऱ्याच देशांत बेकायदा आहे. स्वतःपुरत्या प्रतीला सूट कुठे मिळते, कुठे नाही. आपापल्या ठिकाणचा कायदा बघूनच ठरवा.

वायरमन
लहान करण्याबद्दल : डीव्हीडीला हात लावू नका. मुळात ७२० बाय ५७६ किंवा ४८० चं चित्र, दोन थरांची असली तरी ८.५ जीबी, त्यातून काय वाचवणार? ब्लू-रे ५० जीबीपर्यंत जाते. तिथे मोह होतो, पण अंधाऱ्या प्रसंगातलं धुकं, फिल्मचे दाणे हे सगळ्यात आधी जातं आणि तिथे चित्राचे ठोकळे दिसू लागतात. एकदा बघून सोडून द्यायचे सिनेमे खुशाल आकसवा. जीव असलेले आहेत तसे ठेवा. नको असलेल्या भाषांचे आवाज आणि जाहिराती काढल्या तरी थोडी जागा सुटते, चित्राला धक्का न लावता.

उंटावरचा
माझ्या पहिल्या प्रश्नाला कुणी उत्तर देईल का? स्ट्रीमिंग का नको?

मिताक्षरी
नको कुणी म्हटलं? आमच्याकडे तेही आहे. पण आज असलेला सिनेमा करार संपला की उद्या नसतो, 'विकत' घेतलेला सुद्धा खरं म्हणजे बघण्याचा परवानाच असतो. आणि दर्जाचं म्हणाल तर स्ट्रीमिंगचं ४के साधारण १५ ते २५ एमबीपीएसचं, डिस्कचं त्याच्या कितीतरी पट. अ‍ॅटमॉस हा डॉल्बीचा चहूबाजूंचा आवाजही स्ट्रीमिंगवर डॉल्बी डिजिटल प्लसमधून दाबून येतो, डिस्कवर ट्रूएचडीत. आमच्या स्पीकरांवर हा फरक चित्रापेक्षा आवाजात जास्त कळतो.

उंटावरचा
बरं. आता वर्गणी कुणाच्या खात्यातून बघतोय ते मी सांगत नाही.

दिगंतर
बॉक्स घेतला, रिसीव्हरला जोडला. मुक्या फायली बोलायला लागल्या, रिसीव्हरच्या खिडकीत डीटीएस-एचडी ही अक्षरं पहिल्यांदा पाहिली. सीईसी चालतंय, फक्त टीव्ही बंद केला की बॉक्स त्याला पुन्हा जागा करतो, ते निस्तरतोय. नॅस तूर्त नाही. सरळमार्गींच्या दोन डिस्क, त्यातली एक बहिणीकडे. बॉक्सवर कोडी, त्यात घरचे व्हिडिओ वेगळे.

सीडी उतरवायला घेतल्यात. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी वापरतोय. एका सीडीच्या शेवटच्या गाण्यावर ते तासन् तास घुटमळतं आणि चूक दाखवतं. ती सीडी आता बाजारात मिळत नाही. काय करावं?

अनाहत
आधी उजेडात तिरकी धरून बघा. चरा खालच्या, चकचकीत बाजूला असेल तर आशा आहे. लेबलाच्या बाजूने खरवडली असेल तर परावर्तक थरच गेला, कारण सीडीत तो थर लेबलाच्या लगेच खाली असतो. बोटांचे डाग असतील तर कोमट पाणी, साध्या साबणाचा थेंब, मऊ कापड, आणि मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवत नाही. माहिती गोल वाटेने लिहिलेली असते; गोल चरा पडला तर लागोपाठची बरीच माहिती जाते, आडव्या चऱ्याला चुकांची दुरुस्ती सांभाळून घेते. सीडी आतून बाहेर वाचली जाते, शेवटचं गाणं बाहेरच्या कडेला, तिथेच हाताळणी जास्त.

त्यानेही नाही जमलं तर ड्राइव्ह बदला. एका ड्राइव्हला न दिसलेलं दुसरा सहज वाचतो, असं खूपदा होतं. वेगाची मर्यादा कमी करून बघा. उतरल्यावर अ‍ॅक्युरेटरिपचा (इतरांनी उतरवलेल्या प्रतींच्या सामायिक नोंदीशी) ताळा जुळतो का पाहा. जुळला तर तुमची प्रत इतरांच्या प्रतींशी बिट-न्-बिट तीच आहे, पुन्हा ऐकून खात्री करायची गरज नाही.

भौतिकवाला
ताळा जुळला नाही पण चूकही दाखवली नाही, तर तीच सीडी दुसऱ्या ड्राइव्हवर पुन्हा काढा आणि दोन्हींचे चेकसम (फाइलीवरून काढलेले ताळ्याचे आकडे) ताडा. सारखे आले की झालं. कधी कधी त्या छपाईची नोंदच त्यांच्याकडे नसते.

दिगंतर
चरा नाही, डागच आहेत. ऑफिसमधला ड्राइव्ह जुना आणि दणकट आहे, उद्या तिथे नेतो.